‘तुझ्याच नावावर घेऊ’ म्हणतात तेव्हा...

दसरा संपला, दिवाळी तोंडावर आलीय आणि पेपरचं खरं पहिलं पान गाठायला आधी बिल्डरांच्या जाहिरातींची चार पानं उलटावी लागतायत. ‘मुहूर्ताचं बुकिंग’, ‘झीरो स्टँप ड्युटी’, ‘आत्ता फक्त १० टक्के भरा’. पुण्यात शिकायला आलेल्या पोरापोरींच्या घरी याच दिवसांत एक ठरलेला संवाद होतो. सुट्टीला घरी गेलं की जेवताना बाबा विषय काढतात, ‘‘किती भाडं देतोस रे रूमचं? बारा हजार? चार वर्षांचे पावणेसहा लाख झाले. सगळे पाण्यात. त्यापेक्षा तिकडेच एक वन बीएचके घेऊन टाकू. तू राहशील, नंतर भाड्याने देऊ. कर्जामुळे टॅक्सही वाचेल. आणि घेऊ तुझ्याच नावावर, नाहीतरी सगळं तुझंच आहे.’’

ऐकायला काय मस्त वाटतं! विशीत फ्लॅटचा मालक. पण या चार वाक्यांतलं ‘टॅक्स वाचेल’ हे वाक्य आता जवळपास खोटं झालंय आणि ‘तुझ्याच नावावर’ हे वाक्य वाटतं तितकं फुकट नाहीये. बाबांच्या पिढीने हा हिशोब शिकला तेव्हा तो बरोबर होता. गेल्या पाच वर्षांत नियमच इतके बदललेत की तोच हिशोब आज मांडला तर उत्तर वेगळं येतं. आणि सही तुमची लागणार असल्यामुळे तो तुम्हीही एकदा मांडून बघायला हवा.

आधी एवढा उत्साह का आहे ते बघू. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन टप्प्यांत रेपो रेट साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. गृहकर्जं स्वस्त झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. (घर घेणाऱ्याला बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर लागणारा ५ टक्के जीएसटी मात्र तसाच आहे. बिल्डरचा खर्च कमी झाला म्हणून त्याने फ्लॅटचा दर कमी केलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.) शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी नवा कायदा येणार म्हणून २०२५ मध्ये ‘आत्ताच घ्या, नंतर नियम बदलतील’ असंही सेल्सवाले सांगत होते. नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदलतात, भाषा सोपी होते. घराच्या बाबतीतले मोठे बदल त्याआधीच होऊन गेलेत.

साठ लाखांचा फ्लॅट

समजा, पुण्याच्या कडेला ६० लाखांचा तयार वन बीएचके आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. म्हणजे ४८ लाख कर्ज, १२ लाख खिशातून. त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हे साडेचार लाख कर्जात धरले जात नाहीत. एकूण साडेसोळा लाख रोख लागले. फर्निचर, गॅस, पंखे, सोसायटीचं डिपॉझिट हे सगळं वेगळं.

व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं धरली तर ईएमआय साधारण ४० हजार १५० रुपये. आता चार वर्षांच्या डिग्रीपुरतं बघा. ४८ हप्त्यांत भरले सुमारे १९ लाख २७ हजार. त्यातले १४ लाख ६८ हजार व्याजात गेले. मुद्दल फिटलं फक्त ४ लाख ६० हजारांच्या आसपास. बाबा म्हणतात ना, भाड्याचे पावणेसहा लाख पाण्यात गेले? हे पावणेपंधरा लाखही त्याच पाण्यात गेलेत, फक्त पावती बँकेची आहे.

अजून एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ते सुरुवातीचे साडेसोळा लाख साध्या एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला लाखभर व्याज आलं असतं. महिन्याला नऊ हजारांच्या जवळपास. तुमच्या रूमच्या भाड्यातले तीन हिस्से तर तिथूनच सुटले असते.

‘‘पण फ्लॅटची किंमत वाढते ना!’’ हो, वाढते. ती वाढ किती आणि त्यातलं हातात किती, यावरच सगळं अवलंबून आहे आणि त्याकडे आपण येणारच आहोत. आधी टॅक्सचं बघू, कारण घराघरातली सगळी भिस्त त्यावर आहे.

टॅक्स वाचतो, पण कोणाचा?

जुना हिशोब असा होता. दुसरा फ्लॅट भाड्याने दिला, समजा महिना १८ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. मालमत्ता कर सोपेपणासाठी सोडून देऊ. त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजा, उरले १ लाख ५१ हजार. पहिल्या वर्षीचं व्याज ३ लाख ८० हजार. म्हणजे कागदावर सुमारे २ लाख २९ हजारांचा तोटा. यातला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता यायचा, उरलेला पुढच्या आठ वर्षांत ओढता यायचा. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे सेससकट ६२ हजार ४०० रुपये वाचायचे. ‘घर घ्या, टॅक्स वाचवा’ या वाक्याचा जन्म इथला. (हीसुद्धा कापून उरलेली सवलत होती बरं का. २०१७ च्या आधी भाड्याच्या घरातला तोटा कितीही असला तरी पगारातून वजा व्हायचा. तेव्हा दोन-दोन, तीन-तीन फ्लॅट घेऊन ठेवणारे काका तुमच्याही नात्यात असतील.)

२०२० च्या बजेटमध्ये नवी करप्रणाली आली. सवलती सोडा, कमी दर घ्या, असा तो सौदा. २०२३-२४ पासून ती आपोआप लागू होणारी प्रणाली झाली, जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट शून्य. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज त्या भाड्यातून वजा होतं, पण उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. मुद्दलाची ८०-सी मधली वजावटही नाही. म्हणजे भाड्यावर टॅक्स लागला नाही एवढंच समाधान. ते ६२ हजार ४०० रुपये गेले.

मग बाबा जुन्या प्रणालीत राहिले तर? हा प्रश्न मी आकड्यांतच सोडवून बघितला. समजा, त्यांचा पगार १५ लाख आहे. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०-सी चे दीड लाख आणि फ्लॅटचे २ लाख असं सगळं धरून करपात्र उत्पन्न उरतं ११ लाख. कर १ लाख ४८ हजार २००. नव्या प्रणालीत फक्त ७५ हजारांची वजावट, करपात्र १४ लाख २५ हजार. कर ९७ हजार ५००. फ्लॅट घेऊनसुद्धा जुनी प्रणाली ५० हजारांनी महाग! त्यात मेडिक्लेमचा हप्ता घातला तरी चित्र पालटत नाही. आणि पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत कर मुळातच शून्य आहे. शून्यातून वाचवणार काय?

म्हणजे कर्ज घेऊन टॅक्स वाचवायचा हा फॉर्म्युला आता फक्त मोजक्या लोकांना चालतो. ज्यांचा पगार मोठा, घरभाडे भत्ता मोठा, आधीपासूनची वजावट मोठी, अशांना. तुमच्या घरचं गणित त्यात बसतं का, हे बाबांना एका प्रश्नात विचारता येईल: ‘‘यंदा रिटर्न जुन्या रेजिममध्ये भरलंत की नव्या?’’ उत्तर ‘नव्या’ असेल तर टॅक्सचा मुद्दा तिथेच संपला.

आता ‘तुझ्याच नावावर’ हा भाग जोडा. व्याजाची वजावट मिळायला माणूस घराचा मालक असावा लागतो आणि हप्ता त्याने भरलेला असावा लागतो. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर आणि हप्ता बाबा भरतायत. बाबा मालक नाहीत, म्हणून त्यांना वजावट नाही. तुम्ही मालक आहात, पण हप्ता भरत नाही आणि तुम्हाला उत्पन्नच नाही. सवलत मधल्यामधे गायब! दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं असेल तर बाबांना वजावटही त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणातच. जुन्या प्रणालीसाठी जे घर घ्यायचं त्यात मुलाचं नाव घातल्याने सवलत अर्धी होते, हे सल्ला देणाऱ्या काकांच्या लक्षातच नसतं.

तुमच्या नावाचा करात एक खरा फायदा आहे, तोही सांगायला हवा. अठरा वर्षांवरच्या मुलाला आई-वडिलांनी कितीही पैसे भेट दिले तरी त्यावर कर लागत नाही आणि त्या पैशांतून आलेलं भाडं मुलाचंच उत्पन्न धरलं जातं. (अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत ते पालकांच्या उत्पन्नात जातं.) दुसरं उत्पन्न नसेल तर वर्षाला ४ लाखांपर्यंत कर नाही. पण आपल्या उदाहरणात पहिली कित्येक वर्षं व्याज भाड्यापेक्षा जास्तच आहे, म्हणजे त्या भाड्यावर बाबांनाही कर नव्हताच. हा फायदा कर्ज न काढता रोख घेतलेल्या घरात दिसतो. आणि रोख म्हणजे बँकेतून, दाखवता येणाऱ्या उत्पन्नातून. मुलाच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही याला अटच ती आहे की पैसे कुठून आले ते माहीत असलं पाहिजे.

विकताना

घराच्या किमतीबद्दल आपल्याकडे एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. काकांनी अमुक साली तीस लाखांना घेतला, आज ऐंशी लाखांना गेला. त्या गोष्टीतही २०२४ नंतर फरक पडलाय.

२३ जुलै २०२४ ला निर्मला सीतारामन यांनी बजेट मांडलं आणि जमीन-घर विक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून साडेबारा केला. दर कमी झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या, तेवढ्यात कळलं की सोबत इंडेक्सेशन काढून घेतलंय. इंडेक्सेशन म्हणजे महागाईचा हिशोब. २०१०-११ चे ३० लाख म्हणजे आजचे ३० लाख नव्हेत, हे सरकार मान्य करायचं आणि दरवर्षी जाहीर होणाऱ्या निर्देशांकाने खरेदीची किंमत फुगवून द्यायचं. तो निर्देशांक २०१०-११ मध्ये १६७ होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. म्हणजे काकांच्या ३० लाखांचे आज धरले जातात साधारण साडेसदुसष्ट लाख. ८० लाखांना विकलं तर नफा साडेबारा लाखांच्या आत, त्यावर २० टक्के म्हणजे अडीच लाख. इंडेक्सेशनशिवाय? नफा सरळ ५० लाख, त्याच्या साडेबारा टक्के म्हणजे सव्वासहा लाख. पावणेचार लाखांचा फरक.

एवढी ओरड झाली की ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती केली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन्हींपैकी ज्यात कमी कर तो भरता येतो. काका वाचले. पण नीट बघा, ही सूट कोणाला मिळाली? ज्यांच्याकडे आधीच घरं आहेत त्यांना. आज जो घेईल, किंवा उद्या नोकरी लागल्यावर तुम्ही घ्याल, त्याला महागाईचा हिशोब मिळणार नाही. मला या सगळ्या बदलांमधली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांना वेगवेगळा कर, आणि तो कमी आहे वयाने मोठ्या माणसाला.

आपला ६० लाखांचा फ्लॅट दहा वर्षांनी एक कोटीला गेला असं धरू. ‘एक कोटी’ ऐकून डोळे दिपतात, पण ही वाढ वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपासच आहे. त्या दहा वर्षांत महागाईही पाच टक्क्यांनी वाढली तर खऱ्या अर्थाने कमाई जवळजवळ काहीच नाही. तरीही मुद्रांक शुल्क धरून खरेदी साडेचौसष्ट लाख, नफा साडेपस्तीस लाख, कर सेससकट सुमारे ४ लाख ६० हजार. तो टाळायचा तर ठरावीक मुदतीत पैसे पुन्हा दुसऱ्या घरात घाला, किंवा सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत सरकारी रोख्यांत पाच वर्षं अडकवा. घरातून बाहेर पडायचं दारही घरातच उघडतं म्हणा ना.

आणि व्याजदर? आज तो उतरलाय म्हणून सगळे खूश आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यामुळे दर उतरला की लगेच फायदा, चढला की लगेच दणका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहा टक्के झाला होता. तसंच पुन्हा झालं आणि आपलं ८ टक्क्यांचं कर्ज सुरुवातीलाच साडेदहाचं झालं, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज होतं ४२ हजार. ईएमआय आहे ४० हजार १५०. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढेल. मग बँक हप्ता वाढवायला सांगते, साधारण ४८ हजारांवर, किंवा मुदत वाढवते. त्या वेळी लोकांना न सांगताच मुदत वाढवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला नियम काढावा लागला, हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारा म्हणून. वीस वर्षांच्या कर्जात असा एखादा फेरा येणारच नाही असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा बाबा रिटायर झालेले असतील तर पत्र कोणाच्या नावाने येईल? कर्जावर ज्याची सही आहे त्याच्या.

सहीसोबत काय काय येतं

शिकणाऱ्या मुलाला, ज्याला उत्पन्न नाही, बँक एकट्याला गृहकर्ज देत नाही. पण खरेदीच्या करारात तुमचं नाव असेल तर साधारणपणे कर्जातही सहकर्जदार म्हणून सही मागते. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. हप्ता चुकला तर जबाबदारी दोघांची पूर्ण-पूर्ण. कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसतं. उद्या परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलात, किंवा नोकरी लागल्यावर स्वतःचं घर घ्यायला गेलात, तर बँक ४० हजारांचा चालू हप्ता आधी बघणार.

म्हाडाच्या लॉटरीत फॉर्म भरायचं स्वप्न असेल तर तेही तपासा. अर्जदाराच्या नावावर त्या महापालिकेच्या हद्दीत घर असेल तर तो अपात्र ठरतो. प्रधानमंत्री आवास योजनेत तर अर्जदार कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. पुण्याच्या कडेच्या ज्या वन बीएचकेत तुम्ही सेकंड इयरला मित्रांसोबत राहिलात, त्यामुळे तिशीत ही दारं बंद होऊ शकतात.

‘नंतर नाव काढून टाकू की’ असंही म्हटलं जातं. इथे महाराष्ट्रातल्या मुद्रांक शुल्काची गंमत बघण्यासारखी आहे. आई-वडिलांनी राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. होय, दोनशे. (महापालिका हद्दीत स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो.) उलट मुलाने आई-वडिलांना द्यायचं ठरवलं तर या सवलतीच्या यादीत आई-वडील नाहीत, तिथे ३ टक्के. ६० लाखांवर १ लाख ८० हजार, निम्म्या हिश्श्यावर ९० हजार. कर्ज चालू असेल तर त्याआधी बँकेची परवानगी. म्हणजे तुमचं नाव नंतर घालणं जवळजवळ फुकट आहे आणि घातलेलं काढणं महाग. मग आत्ताच घालायची घाई कशाला, हा प्रश्न घरात कोणीतरी विचारायला हवा. बक्षीस मिळालेलं घर पुढे विकलं तर आई-वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांची खरेदीची तारीखच करासाठी धरतात, त्यामुळे तिथेही काही बुडत नाही.

मुलींच्या घरी यात आणखी एक मुद्दा येतो. फक्त महिलांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, ६० लाखांवर ६० हजार. म्हणून ‘ताईच्या नावावर घेऊ’. सूट खरी आहे, पण ती आईच्या नावावर घेतलं तरी तेवढीच मिळते. आणि आईच्या नावावर घर असणं ही आपल्याकडे अजूनही किती घरांत घडणारी गोष्ट आहे, ते एकदा आजूबाजूला विचारून बघा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वरचं सगळं अजून ताणलं जातं. ५ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३ लाख. ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट सुरूच होत नाही (नंतर पाच समान हप्त्यांत मिळते, तीही जुन्या प्रणालीत नीट उपयोगाची). तोवर इकडे हप्ता आणि तिकडे रूमचं भाडं दोन्ही चालू. पझेशन चार वर्षांपुढचं असेल तर आज फर्स्ट इयरला असलेल्याची डिग्री आधी हातात येईल, चावी नंतर. जाहिरातीतलं ‘फक्त १० टक्के’ तर ऑफरच नाही, तो रेरा कायदा आहे: नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की प्रकल्प कधी पूर्ण करणार असं बिल्डरने लिहून दिलंय ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि घरात हे काम करणारं माणूस बहुतेक तुम्हीच असणार.

याचा अर्थ घर घेऊच नये असं नाही. दोन भावंडं एकाच शहरात चार-पाच वर्षं शिकणार असतील, कर्ज थोडंच लागणार असेल, किंवा आई-बाबांना पुढे त्याच शहरात राहायला यायचं असेल तर हिशोब वेगळा होतो. २०२५ पासून दोन घरं ‘स्वतः राहतो’ म्हणून दाखवताना कारणही द्यावं लागत नाही, त्यामुळे गावचं घर आणि पुण्यातला फ्लॅट या दोन्हींवर काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही. घरमालकाच्या ‘दहा वाजता गेट बंद’पासून सुटका, घराघरात धर्म-जात-आडनाव विचारून नाकारलं जाण्यापासून सुटका, या गोष्टींची किंमत एक्सेल शीटमध्ये मांडता येत नाही आणि ज्यांनी ते भोगलंय त्यांना मी व्याजाचे आकडे ऐकवणार नाही.

फक्त ‘गुंतवणूक’ एवढंच कारण असेल तर मात्र पर्याय आहेत. २०१९ पासून आपल्या शेअर बाजारात रीट आहेत. मोठी ऑफिसं आणि मॉल यांच्या मालकीचे छोटे तुकडे, एक युनिट काहीशे रुपयांना. हिंजवडीत तुमचा सीनियर ज्या बिल्डिंगमध्ये कामाला जातो ती अशाच एखाद्या रीटची असू शकते. वाटण्याजोग्या रकमेतले ९० टक्के युनिटधारकांना द्यायचे हा सेबीचा नियम आहे. किंमत शेअरसारखीच वर-खाली होते, त्यामुळे ही काही एफडी नव्हे. पण यात सहकर्जदार लागत नाही आणि नको असेल तेव्हा विकायला मुद्रांक कार्यालयात टोकन घेऊन बसावं लागत नाही.

दिवाळीत विषय निघालाच तर बाबांशी वाद घालायची गरज नाही. तीन कागद मागा: यंदाचं रिटर्न, बँकेने दिलेलं हप्त्यांचं वेळापत्रक आणि कराराचा मसुदा. पहिल्यात करप्रणाली दिसेल, दुसऱ्यात पहिल्या ४८ हप्त्यांतलं व्याज, आणि तिसऱ्यात खरेदीदार म्हणून नेमकी कोणाकोणाची नावं लिहिली आहेत ते.